स्वमग्न मूल आणि घरची शाळा

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला आईवडिलांनी घरीच शिकवावे, हा विचार जळगाव-धुळ्याच्या पालकांना पटण्यासारखा आहे. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरवर आहे, जळगावहून मुंबई चारशेच्या पुढे. दर आठवड्याला एवढा प्रवास कोण करणार? पण घरच्या शिकवणीने नेमके काय साधते, ते तपासून पाहायला हवे.

या विचाराचा गाजावाजा केला तो बॅरी कॉफमन यांच्या 'सन-राइज' या १९७६ च्या पुस्तकाने. आईवडिलांनी दिवसाचे अनेक तास मुलाबरोबर खेळून त्याला पूर्ण बरे केले, अशी ती हकीकत आहे. एका कुटुंबाची कथा म्हणून ती मनाला भिडते, परंतु पुरावा म्हणून अपुरी पडते. तुलनेला दुसरी मुलेच नाहीत. शिवाय तिच्यात एक काटा आहे. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये स्वमग्नतेचा दोष आईच्या कोरड्या वागण्यावर टाकला होता. तो आरोप खोटा ठरला. आता मूल सुधारले नाही, तर 'आई कमी पडली' असे म्हणायला पुन्हा वाट मोकळी होते.

गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या सहभागाने झालेला प्रयोग यापेक्षा प्रामाणिक वाटतो. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गोवा आणि रावळपिंडी मिळून ६५ मुले होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी १२ बैठका घेतल्या. आई-मुलाच्या खेळाची चित्रफीत काढायची आणि ती दोघांनी, म्हणजे आईने व कार्यकर्त्याने, एकत्र पाहायची: मुलाने कुठे पुढाकार घेतला, आपण कुठे घाई केली? पालकांचा प्रतिसाद स्पष्टपणे सुधारला, मुले आपणहून अधिक बोलती झाली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ तुलनेच्या गटापेक्षा कमी भरला. हा उलटा निष्कर्ष संशोधकांनी लपवला नाही. पद्धतीची स्तुती करणारे मात्र तो सहसा गाळतात.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही पद्धत ज्या ब्रिटिश प्रयोगावरून घेतली, त्यात १५२ मुले होती. २०१० च्या त्या अहवालात आईशी होणारा संवाद सुधारला, पण शाळेतील वागण्यात फरक थोडाच पडला. घरी आलेले वर्गात आपोआप येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा हे मूल वर्गात असणारच, आणि घरी काय चालले आहे हे गुरुजींना माहीत हवे.

खानदेशात प्रश्न भाषेचाही आहे. ज्या घरात 'मले पानी दे' म्हणतात, तिथे 'मला पाणी दे' अशी चित्रकार्डे देऊन काय होणार? मुलाला बोलायला शिकवणाऱ्या आईलाच आधी भाषा बदलावी लागते! अहिराणी किंवा लेवा बोली सोडा, असा सल्ला देण्याला शास्त्रीय आधार नाही. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे अभ्यासांत आढळलेले नाही.

आणि ही बैठक एकाच पालकाभोवती रचलेली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते, मुलाजवळ आजी असते. चित्रफीत पाहायला आजीलाही बसवावे लागेल.