आतड्यातले जिवाणू आणि ऑटिझम : अनुमान कुठे घसरतं?

(सेनगाव येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आत येताना दारातच एका आजोबांनी मला थांबवलं. म्हणाले, "सर, नातवाला ऑटिझम आहे. मोबाइलवर पाहिलं, हे सगळं पोटातल्या जिवाणूंमुळं होतं म्हणे. दोन महिने झाले, त्याचं दूध आणि पोळी बंद केली. फरक कधी पडंल?" मी विचारलं, "एरवी तो काय खातो?" म्हणाले, "चारच तर जिन्नस खायचा. त्यातले दोन गेले."

मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला. औषध सांगणं माझं काम नाही. पण 'अमक्यामुळे तमकं होतं' असं कुणी म्हटलं, की त्यातलं ते 'मुळे' तपासायचं, हे मी आयुष्यभर करत आलो. आज तेच करू.

आधी पूर्वपक्ष, आणि तो नीट मांडला पाहिजे. ऑटिझम, ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो, ती असलेल्या अनेक मुलांना बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी हा त्रास इतर मुलांपेक्षा जास्त होतो. हे खरं आहे. आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमधून सतत निरोपांची ये-जा चालते, हेही खरं. २००० साली अमेरिकेत ११ मुलांना व्हँकोमायसिन हे जिवाणूनाशक औषध दिलं. बहुतेकांच्या वागण्यात सुधारणा दिसली, पण औषध थांबल्यावर ती टिकली नाही. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेत उंदरांना एक विशिष्ट जिवाणू दिला, तेव्हा त्यांच्या वागण्यातल्या काही गोष्टी बदलल्या. २०१७ साली ॲरिझोनातल्या संशोधकांनी १८ मुलांना निरोगी माणसांच्या आतड्यातले जिवाणू दिले. पोटाचा त्रास सुमारे ८० टक्के कमी झाला, वागणंही सुधारल्याचं नोंदवलं गेलं.

ऐकायला भक्कम वाटतं ना? आता एकेक वीट हलवून बघू.

त्या १८ मुलांशी तुलना करायला, खोटा उपचार दिलेला दुसरा गट नव्हता. आपल्या मुलाला काय दिलं जातंय, हे आईबापांना ठाऊक होतं. इतक्या आशेनं पाहणाऱ्या डोळ्यांना सुधारणा दिसणारच. यात फसवणूक नाही, पण हे मोजमापही नव्हे. उंदरांच्या प्रयोगात तर उंदीर भुशात किती गोट्या पुरतो, हे एक माप होतं. आपल्या अंगणवाडीतलं मूल तासन् तास गोट्या ओळीत मांडत बसतं, त्याचा आणि या उंदराचा अर्थ एकच, असं म्हणायला फार मोठी उडी मारावी लागते.

पण खरी मेख पुढे आहे. आपल्या नैयायिकांनी ती फार पूर्वी ओळखली होती. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. मग जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर का? नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला सरपण ओलं लागतं. पावसाळ्यात चुलीत ओल्या पऱ्हाट्या घातलेल्या माउलीला हे शिकवावं लागत नाही. अनुमानात लपून बसलेल्या या ओल्या सरपणाला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात.

आपल्या विषयात ही उपाधी कोणती? २०२१ साली ऑस्ट्रेलियात २४७ मुलांचा अभ्यास झाला. त्यांत ९९ ऑटिझम असलेली होती, काही त्यांचीच भावंडं होती. ऑटिझमचा जिवाणूंशी थेट संबंध नगण्य निघाला. संबंध निघाला तो खाण्याशी. ज्या मुलांना चव, वास, स्पर्श सोसत नाही, ती मोजकेच पदार्थ खातात. खाणं एकसुरी झालं, की आतड्यातले जिवाणूही कमी प्रकारचे उरतात. म्हणजे बाण उलटा असू शकतो, बरं का. जिवाणूंमुळे ऑटिझम नव्हे, ऑटिझममुळे खाणं आणि खाण्यामुळे जिवाणू.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही सोयीचं तेवढं सांगता. तर गैरसोयीचंही सांगतो. २०२४ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी १,६२७ मुलांचे नमुने तपासले. आहार आणि औषधांचा हिशेब धरूनही त्यांना फरक दिसला आणि निदानाला त्याचा उपयोग होईल, असं त्यांनी मांडलं. हे काम महत्त्वाचं आहे. पण निदानाची खूण म्हणजे कारण नव्हे. धुरावरून अग्नी कळतो, धुरानं तो पेटत नाही.

आणि गंमत पाहा. भारतीय मुलांच्या २०१८ च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेली ३० आणि नसलेली २४ मुलं होती. ऑटिझम असलेल्यांत लॅक्टोबॅसिलस जास्त सापडले, म्हणजे दही लावणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद. त्याच कुळातले जिवाणू पुडीत भरून 'हे घ्या, बरं वाटेल' म्हणून विकले जातात! आता कुणाचं ऐकायचं?

घाईची किंमत या विषयानं एकदा मोजली आहे. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये १२ मुलांवरचा एक निबंध आला. त्यात आतड्याचा विकार, ऑटिझम आणि गोवराची लस यांची सांगड घातली होती. तो मागे घेतला गेला २०१० साली. मधल्या बारा वर्षांत किती आईबापांनी लस टाळली! गोवर काही तर्कशास्त्र शिकून थांबत नाही.

मग पोटाकडे दुर्लक्ष करायचं? मुळीच नाही. ज्या मुलाला 'पोट दुखतंय' हे सांगता येत नाही, ते डोकं आपटून सांगतं, रात्र रात्र जागून सांगतं. त्याचं बद्धकोष्ठ बरं केलं तर ते शांत होईल, कारण त्याचं दुखणं थांबलं. ऑटिझम बरा झाला म्हणून नव्हे. पोटदुखी ही पोटदुखी म्हणूनच उपचाराला पात्र आहे.

कार्यक्रम सुरू होण्याआधी आजोबांना मी एवढंच म्हणालो, की गव्हाची खरंच बाधा आहे का, ते बालरोगतज्ज्ञांकडे तपासून घ्या. तपासणीआधी गहू बंद केला तर तपासणीच चुकते. ज्वारीच्या भाकरीत ग्लुटेन नसतंच, पण पोराला ती आवडायला हवी. आणि बोलण्या-शिकण्याच्या सरावाला उशीर करू नका, ते दिवस परत मिळत नाहीत.

ते म्हणाले, "मग दही देऊ का नको?"

म्हटलं, आवडत असेल तर जरूर द्या. दही म्हणून द्या, औषध म्हणून नको.