टेलच्या नाटकातला रेडिंग

मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणाने उडवणारा विल्हेल्म टेल बहुतेकांना माहीत असतो. शिलरचं ‘विल्हेल्म टेल’ (1804) वाचताना मी मात्र इटेल रेडिंगपाशी थांबतो. रात्री रुटलीच्या कुरणावर तीन प्रांतांतले लोक शपथ घ्यायला जमतात, तेव्हा सभेचं अध्यक्षपद श्वित्सच्या या रेडिंगकडे जातं. टेल तिथे नसतोच.

रेडिंग हे आडनाव तेव्हा ताजं होतं. 1798 मध्ये फ्रेंच सैन्य स्वित्झर्लंडमध्ये घुसलं आणि 12 एप्रिलला ‘हेल्वेटिक प्रजासत्ताक’ जाहीर झालं. त्याच्या संविधानाचा मसुदा पीटर ऑक्सने पॅरिसमध्ये तयार केला होता. हे मान्य नसलेल्या श्वित्सच्या फौजेचा सेनापती होता अलॉइस रेडिंग, स्पेनच्या सैन्यात नोकरी केलेला अधिकारी. 2 मे रोजी रोथेनथुर्मला त्याने फ्रेंचांना मागे रेटलं. लढाई जिंकली, पण दोनच दिवसांत शरणागती पत्करावी लागली.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. गुंता पुढे आहे. लादलेल्या प्रजासत्ताकाने छळ करून कबुलीजबाब घेणं बंद केलं आणि कायद्यापुढे सगळे समान मानले. प्रजा म्हणून राबवल्या जाणाऱ्या प्रदेशांनाही बरोबरीचे हक्क दिले. खुद्द श्वित्सच्या ताब्यातही असे प्रदेश होते. म्हणजे रेडिंग ज्या स्वातंत्र्यासाठी लढत होता, ते सगळ्यांचं नव्हतं. गंमत म्हणजे प्रजासत्ताकाच्या सरकारी शिक्क्यावर टेलच होता. पुढे 1801 मध्ये रेडिंग त्याच प्रजासत्ताकाचा प्रमुख झाला, 1802 मध्ये हटवला गेला, पुन्हा बंडात उतरला आणि फ्रेंचांच्या कैदेत गेला.

‘बदल चांगलाच आहे, मग विचारायचं कशाला?’ हा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा लाडका युक्तिवाद. अपडेट ढकलायचं आणि वापरणारा चिडला की फीचर्सची यादी दाखवायची. फ्रेंचांकडेही अशी यादी होती, आणि ती खोटी नव्हती. पण यादी खरी असली म्हणून संमती मिळाली असं होत नाही.

शिलरच्या नाटकाबद्दल माझी तक्रार इथेच आहे. त्याचा गेसलर इतका दुष्ट आहे की प्रेक्षकाला विचारच करावा लागत नाही. सुधारणा घेऊन येणारा गेसलर असता तर? हा अवघड प्रश्न नाटक टाळतं.

पूर्ण टाळत नाही, एवढं मात्र मान्य करायला हवं. रुटलीवर एंगेलबर्ग मठाचे दोन बांधील माणूसही आलेले असतात. ते आपल्यासारखे स्वतंत्र नाहीत म्हणून त्यांना कमी लेखू नका, असं तिथे सांगावं लागतं. शपथ स्वातंत्र्याची, पण जिच्याकडे धनी आहे त्या माणसाने त्याची चाकरी चालूच ठेवायची! आणि मग नाटकाचं अगदी शेवटचं वाक्य: तरुण सरदार रुडेन्झ आपले सगळे बांधील नोकर मुक्त करतो. गेसलर तोवर मेलेला आहे, गढी पडली आहे, लोक जल्लोष करताहेत. तरीही शिलर तिथे थांबत नाही.

रेडिंगचा प्रतिकार मला पटतो, आणि फ्रेंचांची यादीही खोडता येत नाही. बाहेरच्या सत्तेला ‘चालती हो’ म्हणण्याचा हक्क मागणाऱ्याने ही यादी स्वतः पुरी करायची असते, हे शिलरने एका ओळीत ठेवलंय. नाटक बसवणाऱ्याने टाळ्यांच्या गडबडीत ती ओळ बुडू देऊ नये.