प्रवासी दृष्टी आणि परतीची वाट : ‘माझा प्रवास’ व ‘वाटचाल’ यांच्या संदर्भात

मराठी प्रवासवर्णनांचा विचार करताना आपली टीका बहुधा अंतराच्या हिशेबाने चालते. लेखक किती दूर गेला, कोणते देश त्याने पाहिले आणि तेथील नवलाई त्याने किती रंगतदारपणे सांगितली, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की समीक्षकाचे समाधान होते. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाने प्रवासवर्णनाला निव्वळ माहितीच्या जोखडातून सोडविले आणि त्याचे नाते लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाशी जोडले, हे मान्यच आहे. परंतु व्यक्तिमत्त्वाची ही कसोटी स्वीकारल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. वाटेवर असताना माणसाला जी दृष्टी लाभते, तिचे घरी परतल्यावर काय होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे पायी केलेल्या प्रवासाच्या दोन मराठी लेखनांचा विचार करावयाचा आहे : विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आणि इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख.

पायी केलेला प्रवासच निवडण्याचे कारण उघड आहे. आगगाडीचा किंवा विमानाचा प्रवासी निघाल्याचे ठिकाण आणि पोहोचल्याचे ठिकाण पाहतो. मधला प्रदेश त्याच्या दृष्टीने केवळ काळाचा एक तुकडा असतो. पायी चालणाऱ्याला मधले काहीच गाळता येत नाही. त्याला दर कोसाला पाणी, दर सांजेला आसरा लागतो, आणि या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हाती असतात. म्हणून चालण्याबरोबर परावलंबन येते. प्रवासी दृष्टी म्हणून जिचा गौरव केला जातो, ती कुतूहलापेक्षाही या परावलंबनातून अधिक घडते, असे आमचे मत आहे.

गोडसे भटजी कुतूहलापोटी घराबाहेर पडलेच नव्हते. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक. घरात दारिद्र्य आणि डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता आली आणि दक्षिणेच्या आशेने चुलत्यासह तो १८५७ साली उत्तरेकडे निघाला. पुढे बंडाच्या धामधुमीत तो सापडला. सर ह्यू रोजच्या फौजेने १८५८ साली झाशीला वेढा घातला, तेव्हा तो त्या शहरात होता. शहर पडल्यानंतरची कत्तल व लूट त्याने जीव मुठीत धरून पाहिली. मिळविलेले द्रव्य लुटारूंच्या हाती गेले. अखेर तो घरी परतला तो गंगेची कावड घेऊन. ही हकीकत त्याने १८८३ साली चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढली; वैद्यांनी संपादकीय फेरफारांसह ती १९०७ साली प्रसिद्ध केली आणि मूळ हस्तलिखिताधारे दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली.

इतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथाची चर्चा पुष्कळ झाली आहे. वाङ्मयीन दृष्ट्या मात्र त्याचे एक वैशिष्ट्य नीटसे लक्षात घेतले गेलेले नाही. गोडसे भटजी परक्या मुलखातही आपले घर बरोबर घेऊन चालतो. राजवाडा, यज्ञ, लढाई, काहीही समोर आले तरी त्याची नजर आधी स्वयंपाक, स्नानसंध्या, दक्षिणा आणि विहिरीचे पाणी यांकडे वळते. झाशीच्या राणीचे वर्णन करतानाही तिचा दिनक्रम त्याला महत्त्वाचा वाटतो. झाशीहून निसटल्यावर काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी त्याला विहिरीपाशी भेटते; तो पाणी काढून देऊ पाहतो, पण विद्वान ब्राह्मणाकडून ही सेवा घेणे तिला रुचत नाही आणि ती स्वतःच पाणी काढून पिते. या प्रसंगाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. राज्य गेलेली राणी आणि सर्वस्व लुटले गेलेला भिक्षुक येथे दोन तहानलेले वाटसरू म्हणून समोरासमोर येतात; तरीही वर्ण आणि मर्यादा यांचे भान दोघांपैकी कोणीही सोडत नाही. प्रवास त्यांना एका पातळीवर आणतो, परंतु बदलत नाही.

गोडसे भटजीच्या प्रवासी दृष्टीचे यश आणि मर्यादा या एकाच प्रसंगात दिसतात. नित्याच्या जीवनाचे मोजमाप त्याने प्रवासात नेले, म्हणूनच त्याचे लेखन इतके खरे वाटते; नाना तऱ्हेच्या अद्भुत गोष्टी त्याने पाण्याच्या आणि पिठाच्या मापाने मोजल्या. उलट, प्रवासातले मोजमाप त्याने घरी आणले की नाही, हा प्रश्न त्याला पडतच नाही. तो जसा गेला, तसाच परतला. कावडीतले पाणी घरी पोहोचले, कर्तव्य पूर्ण झाले आणि वाट संपली.

इरावती कर्व्यांच्या लेखात वाट संपत नाही. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीबरोबर केलेल्या वारीवर आधारलेला आहे. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे. गोडसे भटजीच्या भ्रमंतीशी त्याची तुलनाही होणार नाही. देश आपला, भाषा आपली, अभंग लहानपणापासून कानांवर पडलेले. अनोळखी असे येथे काही असण्याचे कारण नव्हते. तरीही समाजशास्त्राची ही अभ्यासक बाई चालू लागते आणि आपल्याच माणसांमधले अंतर तिला पावलोपावली दिसू लागते. दिंडी एक, टाळमृदंग एक, अभंग एक. मुक्कामाला मात्र चुली वेगळ्या. ब्राह्मणांचा स्वयंपाक निराळा आणि मराठ्यांचा निराळा. दिवसभर एकत्र चाललेली माणसे जेवणाच्या वेळी दुभंगतात, याची खंत लेखिका लपवीत नाही.

लेखाचा गाभा यानंतर येतो. लेखिका मराठा बायकांच्या पंगतीला जेवते आणि त्यांच्या वागण्यातला दुरावा कमी होतो. त्या तिचा हात धरून चालतात, आपल्या संसाराच्या गोष्टी सांगतात, तिला ताई म्हणू लागतात. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असेही कोणी म्हणते. त्यावर एक तरुण मुलगी सहज विचारते की, तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्तासारख्याच वागाल ना? प्रश्न साधा आहे, परंतु तो लेखिकेच्या जिव्हारी लागतो. आणि दिलाशाचे एखादे वाक्य टाकून ती त्यातून मोकळी होत नाही.

आमच्या मते मराठी प्रवासलेखनात इतका मर्मभेदी प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल. आक्षेप घेता येईल की, ‘वाटचाल’ हे प्रवासवर्णन नसून समाजशास्त्रीय निरीक्षणाचे टिपण आहे. परंतु क्षेत्रनिरीक्षणात प्रश्न विचारण्याचा अधिकार निरीक्षकाचा असतो. येथे तो उलटला आहे : जिचे निरीक्षण चालले होते तीच निरीक्षकाची परीक्षा घेते. आणि परीक्षेचे स्थळ पालखीचा मार्ग नसून पुण्यातील घराचा उंबरठा आहे. वाटेवर उदार होणे सोपे असते, कारण तेथे आपण सर्वच उघड्यावर असतो. घरी भिंती असतात, वेळापत्रक असते, शेजारी असतात. प्रवासी दृष्टी खरी की हौसेची, हे तेथेच ठरते.

अर्थात या लेखालाही मर्यादा आहेत, आणि त्या दडवणे योग्य होणार नाही. पंढरीला जाणाऱ्या लोकांचा तो महाराष्ट्र, अशी जी व्याख्या लेखिका सुचविते ती मनोहर आहे. परंतु जे पंढरीला जात नाहीत किंवा ज्यांना जाऊनही आत प्रवेश नव्हता, त्यांचे स्थान या व्याख्येत कोठे आहे? पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली, म्हणजे ‘परिपूर्ती’ प्रसिद्ध होण्याच्या अवघ्या दोन वर्षे आधी, उपोषण करावे लागले होते. चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेर आहे, ही गोष्ट प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक असते. दोन चुलींमधले अंतर लेखिकेने पाहिले. तिसऱ्या चुलीपर्यंत ही व्याख्या पोहोचत नाही. मात्र ही उणीव दाखविण्याचे साधन आपल्याला त्या मुलीच्या प्रश्नानेच दिले आहे, हेही नमूद केले पाहिजे.

दोन्ही लेखने शेजारी ठेवली असता असे दिसते की, प्रवासाची लांबी आणि प्रवासी दृष्टीची खोली यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. उत्तर हिंदुस्थान पालथा घालूनही गोडसे भटजी वरसईचाच राहिला, आणि त्याचे ते वरसईपणच त्याच्या ग्रंथाचे बळ ठरले. इरावतीबाई काही दिवसांची, ओळखीच्या मुलखातील वाट चालल्या आणि घरचा उंबरठाच त्यांना परका झाला. पहिल्या लेखनात घर प्रवासाला निघाले. दुसऱ्यात प्रवास घरी येऊन दाराशी उभा राहिला. दोहोंमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याची घाई करू नये. पण नित्याचे जीवन प्रवाशाच्या नजरेने जगावे असा उपदेश जेव्हा कोणी करतो, तेव्हा दुसऱ्या लेखनाची कसोटी त्याला लावलीच पाहिजे. नेहमीचा रस्ता नव्या डोळ्यांनी पाहणे, झाडे आणि गल्ल्या न्याहाळणे, सावकाश चालणे, हे सर्व आनंदाचे आहे. त्यात जर ज्याच्याकडून आपण पाणी घेतो त्याच्याविषयीचे ऋण नसेल, तर ती केवळ करमणूक होय.

प्रवासवर्णनांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून शेवटच्या प्रकरणाकडे अधिक लक्ष द्यावे. लेखक कोठे गेला हे मुखपृष्ठावरूनच कळते. तो परतल्यावर त्याच्या दाराशी कोण आले, आणि त्याने दार कसे उघडले, हे मात्र बहुतेक पुस्तकांत लिहिलेले नसते.