सोशल मीडियामुळे धंदा वाढला, हे कशावरून?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसची सुरुवातच एका आकड्याने होती. २०१४ या एका वर्षात फेसबुकमुळे जगाच्या अर्थव्यवस्थेत २२७ अब्ज डॉलरची भर पडली आणि ४५ लाख रोजगार निर्माण झाले, असं मी लिहिलं होतं. संदर्भ डेलॉइटच्या जानेवारी २०१५ च्या अहवालाचा. एवढी मोठी संस्था आणि एवढा मोठा आकडा म्हटल्यावर विषयाचं महत्त्व सिद्ध झालं, असं मला वाटलं. सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं, ‘फेसबुक नसतं तर?’

त्या तीन शब्दांत माझे दोन महिने गेले. ‘लघुउद्योजक आणि समाजमाध्यमे’ असा विषय घेऊन पेटची तयारी करणारे बरेच जण मला मेसेज करतात, म्हणून ते दोन महिने इथे मांडते.

आधी अहवालाबद्दल. तो फेसबुकसाठी तयार केलेला आहे आणि तसं त्याच्यावर स्पष्ट छापलेलं आहे. पैसे कोणी दिले एवढ्यावरून अहवाल खोटा ठरत नाही. आकडा कसा बनला ते बघायचं. २२७ अब्जांचे तीन तुकडे आहेत. १४८ अब्ज मार्केटिंगमधून, म्हणजे धंदेवाल्यांनी फेसबुकवर पानं काढली, जाहिराती दिल्या, त्यातून. २९ अब्ज फेसबुकवर चालणाऱ्या ॲप्समधून. आणि ५० अब्ज ‘कनेक्टिव्हिटी’मधून, म्हणजे फेसबुक वापरता यावं म्हणून लोक फोन आणि डेटा विकत घेतात, त्यातून.

या शेवटच्या तुकड्यापाशी मी अडले. आमच्या घरात पहिला स्मार्टफोन आला तो मामाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला आणि बाबांना क्रिकेटचा स्कोअर बघायला. त्यातला किती फोन फेसबुकचा? आपला वाटा मोजताना प्रत्येक कंपनी असाच हिशोब मांडायला लागली, तर सगळे वाटे मिळून मूळ फोनपेक्षा जास्त होतील.

१४८ अब्जांचं दुखणं वेगळं आहे. समजा, चौकातल्या बेकरीतून केक नेणारं एक गिऱ्हाईक आता घरगुती केक करणाऱ्या ताईंकडे फेसबुकवरून ऑर्डर देऊ लागलं. ताईंचा धंदा वाढला, हे खरंच. पण गावात केक तेवढेच खपले. मी ‘अर्थव्यवस्थेत भर पडली’ असं बिनधास्त लिहिलं, तेव्हा बेकरीवाल्याचं गेलेलं गिऱ्हाईक वजा करायचं मला सुचलंच नव्हतं. एक साधा हिशोब तेव्हाच करायला हवा होता. २०१४ मध्ये फेसबुकचं स्वतःचं उत्पन्न साधारण साडेबारा अब्ज डॉलर होतं. म्हणजे कंपनीने एक डॉलर कमावला की जगात अठरा डॉलर उगवतात! अशक्य म्हणत नाही मी, पण एवढं ऐकल्यावर माणसाने जरा थांबावं की नाही?

आता आपल्याकडे वळू, कारण मोठ्यांच्या चुका काढणं सोपं असतं. आपण काय करतो? गूगल फॉर्म बनवतो. ‘सोशल मीडियामुळे माझी विक्री वाढली’ हे विधान आणि त्यापुढे पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच पर्याय. फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, शंभरेक उत्तरं येतात, काय-स्क्वेअर लावतो, पी-व्हॅल्यू छान येते. पण ज्यांनी सहा महिने रील्स टाकून, कंटाळून पान बंद केलं, ते त्या ग्रुपवर आहेतच कुठे? जे टिकले त्यांनाच आपण विचारतो, टिकलात का? शिवाय फॉर्म भरला गेला दिवाळीच्या आसपास. तेव्हा विक्री कोणाची वाढत नाही?

मग हे मोजताच येत नाही का? येतं, पण फार जड जातं. गॉर्डन आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा एक पेपर आहे. लेखकांपैकी दोघे फेसबुकमध्येच काम करणारे. अमेरिकेतल्या १५ जाहिरात-प्रयोगांत काही लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून जाहिरातीपासून दूर ठेवलं होतं. त्यातून मिळालेला परिणाम त्यांनी नेहमीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींच्या उत्तरांशी ताडून पाहिला. त्या पद्धतींनी जाहिरातीचा परिणाम बऱ्याचदा फुगवून सांगितला होता. कारण उघड आहे, जो तसाही घेणार होता त्यालाच जाहिरात शोधून दाखवली जाते. लुईस आणि राव यांचा २०१५ चा पेपर तर धडकीच भरवतो. २५ मोठे प्रयोग करूनही जाहिरातीत फायदा झाला की तोटा, हे बहुतेक ठिकाणी खात्रीने सांगता येईना. माणसांची खरेदीच इतकी कमीजास्त होते की जाहिरातीचा बारीकसा परिणाम त्यात हरवून जातो. तिथे आपली शंभर उत्तरं काय सांगणार?

सर म्हणाले, ‘अगं, विक्री सोड. त्या साधनाने नेमकं कोणतं काम होतं ते शोध.’ आणि जेन्सन यांचा २००७ चा पेपर हातात दिला. विषय उत्तर केरळमधले मच्छीमार आणि मोबाईल. १९९७ ते २००१ या काळात तिथे टप्प्याटप्प्याने टॉवर आले. त्याआधी एका किनाऱ्यावर मासळी इतकी यायची की फेकून द्यावी लागे, आणि थोड्या अंतरावरच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाई. पाच ते आठ टक्के मासळी वाया जात होती. फोन आल्यावर होडीतूनच भाव विचारून कुठे जायचं ते ठरू लागलं. नासाडी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त पडली. जेन्सन यांनी ‘मोबाईलचा फायदा झाला का?’ या प्रश्नावर भिस्त ठेवली नाही. आठवड्यामागून आठवडे किनाऱ्यांवरचे भाव नोंदवले. शिवाय टॉवर एकदम सगळीकडे न आल्यामुळे ‘फोन नसता तर?’ याचं उत्तर शेजारच्या पट्ट्यात आयतं मिळत होतं.

तसा योग आपल्याला कुठे मिळेल? २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, पण तेव्हा लॉकडाऊनचाही गुंता होता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं सहाएक तास बंद पडलं, पण ते आपल्याकडे रात्री. रात्री नऊनंतर चकलीची ऑर्डर कोण देतं! मोह होतो, पण मी दोन्ही सोडून दिले.

मग फराळ करणाऱ्या बायकांकडे जाऊन बसले. एका काकूंना मी माझ्या फॉर्मप्रमाणे लाईक्सबद्दल विचारलं, तर त्या हसल्या. ‘लाईक कोण मोजतंय ग बाई? ऑर्डर लेखी राहते, ते महत्त्वाचं. नंतर कोणी म्हणत नाही, मी दोन किलो सांगितलेच नव्हते.’ मग म्हणाल्या, पूर्वी अंदाजाने चिवडा करायचो, उरला की नातेवाइकांना वाटायचो. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडा आला की तेवढाच करतो.

उरलेला माल! केरळची फेकलेली मासळी आणि काकूंचा उरलेला चिवडा एकाच जातीचे, आणि माझ्या २८ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता.

सध्या २३ जणी माझ्यासाठी वही ठेवतात. रोज किती केलं, किती गेलं, किती उरलं, ऑर्डर फोनवर आली, ग्रुपवर आली की समोरासमोर. टॉवरसारखी तुलना इथे नाही. काहींनी ग्रुप नुकताच सुरू केलाय, त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींवर भागवतेय. ते पुरेल का, यावर सरांशी अजून वाद चालू आहे. दोघींनी गेल्या महिन्यात ग्रुपच बंद केला आणि वहीही थांबवली. येत्या रविवारी आधी त्या दोघींकडे जाणार आहे.