मागणीचे गद्य

देणगी मागण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला आपल्याकडे कोणी वाङ्मय म्हणत नाही. संस्थांची आवाहने, अहवाल, अनुदानाचे अर्ज हे इतिहासकाराने चाळायचे कागद. समीक्षकाने त्यांच्या वाटेला जाऊ नये, अशी समजूत आहे. मला ती पटत नाही. पंडिता रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक आपण स्त्रीप्रश्नावरचा आद्य ग्रंथ म्हणून वाचतो. ते मुळात निधी उभा करण्यासाठी लिहिलेले आवाहन आहे, हे मात्र वाचताना बाजूला राहते. तसे ते वाचले, तर त्याचे बळही नीट दिसते आणि त्याची उणीवही.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या. बालविधवांसाठी निवासी शाळा काढायची होती. हाताशी पैसा नव्हता. १८८७ साली पुस्तक निघाले. आनंदीबाईंच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. पुस्तकाच्या विक्रीतून पैसे आले, व्याख्यानांतून आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली. त्यांचे सभासद दर वर्षी ठराविक रक्कम देत. म्हणजे एका मोठ्या दात्याऐवजी पुष्कळ लहान वर्गणीदार, ही त्यामागची रचना होती.

पुस्तकात सात प्रकरणे आहेत. प्रास्ताविक, मग मुलीचे बालपण, तिचा संसार, धर्मात आणि समाजात तिचे स्थान, वैधव्य, या सगळ्याचा समाजावर होणारा परिणाम, आणि शेवटी आवाहन. मागणी पहिल्या पानावर नाही. सहा प्रकरणे वाचकाला त्या घरात राहायला लावल्यावर सातव्यात ती येते. तोवर वाचक स्वतःच विचारू लागलेला असतो की, मग करायचे काय? रमाबाईंचे उत्तर नेमके आहे : स्वावलंबन, शिक्षण आणि देशी शिक्षिका. आजच्या अर्जांत ज्याला 'समस्या विधान', 'उद्दिष्टे' आणि 'कार्यपद्धती' म्हणतात, ते सर्व इथे आहे. पण ते तुकड्यांत नाही. एका गोष्टीतून दुसरी निघते.

मदतीची मुदतही ठरलेली होती : दहा वर्षे. पुढे आपलेच लोक हे काम सांभाळतील, हा त्यामागचा विश्वास. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

आता उणिवेकडे. दात्यासाठी लिहिणाऱ्याला दुःख ठळक करावे लागते. रमाबाईंनी शीर्षकातच 'उच्चवर्णीय' अशी मर्यादा घातली होती. पण ऐकणाऱ्यांच्या मनात ती सगळ्या हिंदुस्थानची कहाणी झाली. १८९५ च्या सुमारास विवेकानंद आणि ब्रुकलिनचे रमाबाई सर्कल यांच्यात जो जाहीर खटका उडाला, त्याचे मूळ इथेच आहे. विधवांचे हाल खोटे नव्हते. प्रश्न एवढाच होता की, परक्यांपुढे देशाचे कोणते चित्र धरायचे आणि ते धरण्याचा अधिकार कोणाचा.

दुसरी उणीव अधिक महागात पडली. रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनात मात्र धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा, असे धोरण ठरले. या धोरणामुळेच अमेरिकेतील वेगवेगळ्या पंथांचे देणगीदार आणि पुण्यातील रानडे-भांडारकर एका कामाभोवती जमू शकले. परंतु संस्थाचालिकेची स्वतःची श्रद्धा कुठे संपते आणि संस्थेचे धोरण कुठे सुरू होते, हे कोणी स्पष्ट केले नाही. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये पुण्याच्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, मुलींना पालक घेऊन गेले. बोस्टनचे मंडळ रमाबाईंच्या पाठीशी राहिले, पण 'आपलेच लोक सांभाळतील' हा आवाहनाचा आधार गेला. पुढे केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून वाढले. सर्वांना पटेल असे मोघम वाक्य निधी मिळवून देते, आणि नेमके तेच पुढे संस्थेला अडचणीत आणते.

हे मी आज का लिहितो? गेली काही वर्षे मी आसपासच्या महिला मंडळांचे, वाचनालयांचे अर्ज लिहून देतो. मध्यंतरी एका वाचनालयासाठी असा अर्ज केला. लाभार्थी किती, परिणाम कसा मोजणार, सारे तीनशे शब्दांत. वाचनालय सांभाळणाऱ्या काकूंना तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय हो, पण यात आमचं वाचनालय कुठंय?" अर्ज नामंजूर झाला. त्याचे मला फारसे वाटले नाही. काकूंचा प्रश्न मात्र अजून मनात आहे.

कायद्याची चौकटही लहानांच्या सोयीची नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. पण ते काम बाहेरच्या संस्थेकडे द्यायचे, तर त्या संस्थेला तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, नोंदण्या हव्यात. परदेशी देणग्यांबाबत २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला पैसे देणेच बंद केले. मोठ्या संस्थेच्या हातून खेड्यातल्या मंडळापर्यंत येणारी वाट त्यामुळे मिटली. गैरव्यवहार रोखायला नियम हवेत, हे मान्य. पण जे मंडळ कालच उभे राहिले, त्याने तीन वर्षांचा अनुभव आणायचा कुठून?

अशा वेळी रमाबाईंच्या पुस्तकातून तीन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. आधी माणसे दाखवावीत, मागणी नंतर करावी. मदत किती काळ हवी आणि पुढे कोण सांभाळणार, हे लिहावे. आणि ज्या मुद्द्यावर दात्याचे व आपले मत जुळणार नाही, तो पहिल्याच भेटीत बोलून घ्यावा, मग पैसे आले नाहीत तरी चालेल.

वाचनालयाचा नवा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. काकू सांगत गेल्या, मी उतरवत गेलो. दुपारी भांडी आटोपून येणाऱ्या सात बायका, त्यांनी फाटेपर्यंत वाचलेली पुस्तके, पावसाळ्यात गळणारा कोपरा. शेवटी रक्कम. आणि त्याखाली, काकूंच्या आग्रहाने, गावातून आधीच जमलेल्या वर्गणीचा आकडा. तो लहान आहे. पण अर्ज वाचणाऱ्याने आधी तो पाहावा, असे त्यांचे म्हणणे आहे.