शेवटचे चार सामने

प्रो कबड्डी लीगचा पहिलावहिला सामना २६ जुलै २०१४ ला मुंबईत, वरळीच्या एनएससीआय संकुलात झाला. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असं लोळवलं. पाच आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, त्याच छपराखाली हेच दोन संघ अंतिम सामन्यात भेटले आणि जयपूर ३५-२४ ने जिंकलं. आता कुठल्याही कबड्डीवेड्या मित्राला विचारा, पहिला चॅम्पियन कोण? जयपूर, हे उत्तर झटक्यात येईल. ४५-३१ कुणाच्या लक्षात नसतं. त्या हंगामात ६० सामने झाले, ५६ साखळीचे आणि ४ बाद फेरीचे. आठवणीत उरले ते शेवटचे चार. खरं तर एकच.

माझ्या मते आठवणीचा हा हिशोब उलटा आहे. कबड्डीला त्या वर्षी बाद फेरी मिळाली असं म्हणणं म्हणजे पंढरपूरला वारी मिळाली म्हणण्यासारखं आहे. बाद फेरी आपल्याकडे होतीच. नवीन होते ते आधीचे ५६ सामने.

आपली मैदानी कबड्डी वाढलीच बाद फेरीवर. जत्रेतली स्पर्धा घ्या, शिवजयंतीची घ्या, नाशिकच्या सिडको-सातपूरकडच्या मंडळांनी भरवलेली घ्या. शुक्रवारी नारळ फुटतो, रविवारी मध्यरात्री फायनल. गटसाखळी असली तरी दोन-तीन सामन्यांची. हरला तो संघ टेम्पोत बसून घरी. बाहेरगावचा एखादा चढाईपटू डोळ्यांत भरतो न भरतो तोच त्याचा संघ गारद होतो आणि तो पुन्हा कधी दिसेल हे पुढच्या आयोजकाच्या निमंत्रणावर ठरतं. हॅलोजनच्या उजेडात, रात्री एक वाजता, जे थांबले त्यांनाच शेवट ठाऊक. बाकीच्यांना सकाळी चहाच्या टपरीवर कळतो, तोही सांगणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे तिखटमीठ लागून. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्ण जिंकलं. त्या संघात आपले राजू भावसार आणि अशोक शिंदे होते. महाराष्ट्राने ते सुवर्ण बहुतांशी वर्तमानपत्रातूनच पाहिलं.

म्हणजे या खेळाला शेवट भरपूर होते. मधलं काही नव्हतं. कादंबरीचं शेवटचं प्रकरणच पुन:पुन्हा वाचत राहावं, तसं.

२०१४ ने मधलं दिलं. आठ संघ, प्रत्येकाचे १४ साखळी सामने, आणि सगळा लवाजमा शहरामागून शहर फिरतोय. तिसऱ्या आठवड्यापर्यंत घरातल्या आजीलाही अनुप कुमारची चाल पाठ झाली होती. तो मध्यरेषा ओलांडतो ते घाई नसल्यासारखा, बोनस रेषेकडे पाय टाकतो, एक गुण खिशात घालतो आणि चेहऱ्यावर काही न दाखवता परत येतो. हरयाणाचा हा माणूस मुंबईच्या संघाचा कर्णधार होता, आणि हंगाम संपेपर्यंत मराठी घरांतून त्याचा उल्लेख एकेरीत, ‘आपला अनुप’ असा होऊ लागला. ही जवळीक एका सामन्यात होत नाही. तिला चौदा लागतात.

म्हणूनच अंतिम सामना लागला. ३१ ऑगस्टला रविवार होता, गणपतीचा तिसरा दिवस. आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळची आरती ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी उरकली आणि त्याबद्दल कुणी देवाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. सामना म्हणून तो काही थोर नव्हता. अकरा गुणांचं अंतर म्हणजे कबड्डीत शेवटची पाच मिनिटं नुसती घड्याळाकडे बघायची. तरीही सोसायटीतली पोरं गप्प होऊन उठली. त्यांच्या त्या गप्प होण्यामागे आधीचे पाच आठवडे होते.

इथे थोडं लांब, अमेरिकेत जाऊ या. बाद फेरी व्यावसायिक खेळाचं काय करते, हे तिथे आपल्या ६७ वर्षं आधी दिसलं होतं.

जून १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही आइस हॉकी स्टेडियमचे मालक एकत्र आले. हॉकी नसलेल्या रात्री जागा रिकामी राहायची, ती भरायला त्यांनी बास्केटबॉलची लीग काढली. आजची एनबीए ती हीच. पहिल्या हंगामात ११ संघ होते. वॉशिंग्टन कॅपिटल्स ६० पैकी ४९ सामने जिंकून सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता. पण बाद फेरीचा आराखडा विचित्र होता. पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही गटांचे अव्वल संघ उपांत्य फेरीतच एकमेकांशी भिडणार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे संघ आपापसांत लढून अंतिम फेरीची दुसरी जागा भरणार. म्हणजे दोन अव्वल संघांपैकी एक अंतिम फेरीत जाणार हे जितकं पक्कं, तितकंच दुसरा जाणार नाही हेही पक्कं. वॉशिंग्टन शिकागो स्टॅग्जकडून २-४ ने हरला. दुसऱ्या बाजूने फिलाडेल्फिया वॉरियर्स वर आला. साखळीत त्याचे विजय ३५, वॉशिंग्टनपेक्षा १४ कमी. एप्रिल १९४७ मध्ये त्याने शिकागोला ४-१ ने हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. वॉशिंग्टनचे ते ४९ विजय आता फक्त आकडेवारीत रमणाऱ्यांच्या कामाचे.

आराखडा वेडावाकडा होता, पण त्यात एक शहाणपण होतं. अंतिम फेरी सात सामन्यांची होती. फिलाडेल्फियाच्या जो फुल्क्सची त्या हंगामातली सरासरी २३.२ गुणांची, त्याच्या खालच्याची १६.८. सगळे जमिनीवर पाय रोवून चेंडू टाकत असताना हा उडी मारून टाकायचा. अशा माणसाला थोपवायचं कसं, याचा विचार करायला शिकागोला पाच रात्री मिळाल्या. पहिल्या रात्री त्याने ३७ गुण केले. मग शिकागोने काहीतरी बदललं, मग फिलाडेल्फियाने. सात सामन्यांच्या मालिकेत प्रतिस्पर्धी एकमेकांना वाचतात. चुकीचं वाचतात, परत वाचतात.

आपल्याकडे अंतिम फेरी म्हणजे ४० मिनिटं. पाच आठवडे माणसं ओळखीची करून द्यायची आणि निकाल एका संध्याकाळी लावायचा. टीव्हीच्या गणिताला हे सोयीचं, आणि सात सामने खेळायला कबड्डीपटूंच्या गुडघ्यांची परवानगी लागते, हेही मान्य. पण तीन सामन्यांची मालिका का नको? हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही पडतो.

गंमत म्हणजे यू मुंबाने ती मालिका स्वत:च घडवली. २०१४ चा अंतिम सामना हरले. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतच बेंगळुरू बुल्सला ३६-३० ने हरवून जिंकले. मार्च २०१६ मध्ये दिल्लीत पाटणा पायरेट्सकडून २८-३१ ने हरले. तीन हंगाम, तीन अंतिम सामने, अवघ्या १९ महिन्यांत. दरवेळी समोरचा संघ वेगळा. तिसऱ्या वेळी समोर १९ वर्षांचा परदीप नरवाल होता, ज्याच्या खेळात अनुपच्या संयमाचं काहीच नव्हतं. तो पकडीच्या गर्दीखालून बुडी मारून निसटायचा. या तीन सामन्यांना मी एकच दीर्घकथा म्हणून वाचतो आणि पहिल्या पर्वातलं सगळ्यात चांगलं लेखन तेच मानतो. जयपूरच्या पहिल्या विजेतेपदापेक्षा यू मुंबाच्या दोन पराभवांत जास्त काही घडतं. पण विजेत्यांची यादी वाचणाऱ्याला त्यात यू मुंबाचं नाव एकदाच दिसतं.

यावरून आठवलं, या लीगवरची गाजलेली माहितीपट मालिका ‘सन्स ऑफ द सॉइल’ जयपूरवरच आहे, पण २०१९ च्या हंगामावर. त्या हंगामात जयपूर बाद फेरीपर्यंत पोचलंच नव्हतं. तिच्यात अभिषेक बच्चनचा भाव जरा जास्तच मारला आहे, तरी शेवटी चषक नसलेला हंगाम सांगायचं धाडस मला आवडलं.

घड्याळाची गोष्टही सांगायला हवी. बास्केटबॉलचा एक आजार असा की पुढे असलेला संघ चेंडू धरून नुसता उभा राहायचा. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला हरवलं ते १९-१८ असं. दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण! तिकीट काढून आलेल्यांवर काय गुदरलं असेल. १९५४ मध्ये सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी सोपा भागाकार केला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू टाकतात. २८८० भागिले १२० म्हणजे २४. तेवढ्या सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे. हा नियम आला त्याच हंगामात, १९५५ च्या अंतिम फेरीत, सिराक्यूज सातव्या सामन्यात ९२-९१ ने जिंकलं. समोर कोण? तोच १९-१८ वाला फोर्ट वेन.

कबड्डीचा आजार तोच. आघाडीवरचा चढाईपटू मध्यरेषेपाशी घुटमळून परत यायचा आणि वेळ खायचा. प्रो कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद. ‘करो या मरो’ची ती चढाई सुरू झाली की अख्खी दिवाणखाना-जनता पुढे सरकून बसते. जुनी माणसं म्हणतात, दम गेला, घड्याळ आलं. मला नियम पटतो. पूर्वी चढाई किती चालणार हे चढाईपटूच्या छातीत ठरायचं. आता ते भिंतीवर दिसतं आणि घरबसल्या प्रेक्षकालाही त्याच्याइतकंच गुदमरता येतं.

मला खटकतं ते दुसरंच. त्या पहिल्या हंगामात खेळाबरोबर शब्दही बदलले. चढाईची ‘रेड’ झाली, पकडीचा ‘टॅकल’, चढाईपटूचा ‘रेडर’. सगळ्यात वाईट झालं ते ‘लोण’चं. समोरचा पूर्ण संघ बाद केला की लोण चढायचं. दोन अक्षरांत केवढा अपमान होता त्यात! त्याच्या जागी आलं ‘ऑल आऊट’. ते ऐकून मला खेळाच्या आधी डास मारायचं यंत्र आठवतं. मराठी वर्तमानपत्रांनी लोण जपलं आहे, पण आज अठरा-वीस वर्षांच्या मुलाने कबड्डी बातमीतून शिकलेली नाही. त्याने ती ‘ले पंगा’ ऐकत, हिंदी समालोचनातून शिकली. त्याला ‘सुपर टॅकल’ माहीत आहे, निदानरेषा नाही. खेळाच्या सुरुवातीच्या काळातल्या बाद फेऱ्या सगळ्यात जास्त पाहिल्या जातात, त्यामुळे तिथे वापरलेले शब्दच त्या खेळाचे शब्द म्हणून रुजतात. त्या चार सामन्यांत मराठी नव्हती, आणि आपण ते चालवून घेतलं.

मराठी माणसंही फार नव्हती. पहिल्या हंगामात सांगलीकडचा काशिलिंग अडके दबंग दिल्लीकडून खेळत होता, नीलेश शिंदे बेंगॉल वॉरियर्सचा कर्णधार होता. दोन्ही संघ साखळीतच अडकले. पुणेरी पलटण तर तळाला. यू मुंबात विशाल माने, रिशांक देवाडिगा होते, पण कर्णधार अनुप आणि कोपरे सांभाळणारे सुरेंदर नाडा, मोहित छिल्लर हरयाणा-दिल्लीकडचे. त्या वर्षीच्या लिलावात सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. आज ही रक्कम वाचून हसू येईल, कारण २०१८ मध्ये मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले. पण चांगलं खेळलास तर रेल्वेत किंवा पोलिसांत चिकटशील, एवढीच ज्या खेळाची कमाल होती, तिथे १२ लाखांनी किती आईबापांचं मत बदललं असेल, याचा अंदाज करता येतो.

त्या बदललेल्या मतांची पोरं आता खेळताहेत. १७ डिसेंबर २०२२ ला, पुन्हा वरळीच्याच डोममध्ये, जयपूरने दुसरं विजेतेपद घेतलं. पुन्हा महाराष्ट्राच्याच संघाला हरवून, या वेळी पुणेरी पलटणला, ३३-२९ ने. पण या पलटणमध्ये अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आपल्या नाशिकचा आकाश शिंदे अशी नावं होती. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये, अस्लमच्या नेतृत्वाखाली, पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं आणि पहिल्यांदा चषक उचलला. दहा हंगाम लागले.

यातला आकाश शिंदे आमच्याकडे बाद फेरीच्या आधीपासून माहीत होता, साखळीतल्या चढायांमुळे. अस्लमबरोबर तो हँगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघातही होता. तो चढाईला निघाला की नाशिकमधली पोरं ‘रेडर’ म्हणत नाहीत. ‘आक्या’ म्हणतात.