'ओढगस्त' कीं 'ओढग्रस्त'?

अलीकडील कथांतून व वृत्तांतांतून 'ओढग्रस्त शेतकरी', 'ओढग्रस्त कुटुंब' असे प्रयोग अधूनमधून आमच्या वाचनांत येतात. लेखकाच्या मनांत 'ओढगस्त' हाच जुना शब्द असतो. परंतु तो अडाणी वाटल्यामुळें त्यास 'ग्रस्त' हें संस्कृत शेपूट जोडून भाषा शुद्ध केल्याचें समाधान मानण्यांत येतें. ही दुरुस्ती निरुपद्रवी नाहीं असें आमचें मत आहे. तें येथें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

'ओढगस्त' हें स्त्रीलिंगी नाम होय. 'घरांत ओढगस्त आहे', 'ओढगस्तीचा संसार', 'ओढगस्तीचे दिवस' असे त्याचे प्रयोग होतात. म्हणजे ओढगस्त दिवसांची असते, संसाराची असते. माणसाला ती विशेषण होऊन चिकटत नाहीं. 'ओढग्रस्त' म्हणतांच नामाचें विशेषण होतें आणि तें थेट माणसावर जाऊन बसतें. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त यांच्या पंक्तींत त्याचें पान मांडलें जातें. आणि त्या पंक्तींत बसलेल्यानें पानांत काय पडतें याची वाट पाहावी, एवढेंच त्याच्याकडे उरतें.

अर्थाच्या दृष्टीनेंही हा शब्द 'दारिद्र्या'हून वेगळा आहे. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याची ओढगस्त होत नाहीं. कारण ओढण्यासाठीं मुळांत कांहीं तरी हातीं असावें लागतें. पांघरूण आहे, पण डोकीवर ओढलें तर पाय उघडे पडतात, अशी ही अवस्था. मुलाची फी भरली तर वाण्याची उधारी थकते. बैलाला पेंड आणली तर घरधनिणीचें लुगडें पुढच्या सणावर जातें. या हिशेबांत अब्रू सांभाळण्याची धडपड असते, आणि पुढील सुगीला किंवा पुढील पगाराला हें निभावेल अशी आशाही असते. शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांनाही ह्या शब्दाची ओळख करून द्यावी लागूं नये.

देशावरील बोलींत 'ओढ' पावसाच्या संबंधांतही येते. पाऊस लांबला कीं 'पावसानें वढ दिली' असें शेतकरी म्हणतो. पावसाची ही ओढ व घरांतील ओढगस्त यांचें नातें पर्जन्यछायेंतल्या पारनेर तालुक्याला शिकविण्याची गरज नाहीं. ह्याच तालुक्यांतील राळेगणसिद्धी येथें अण्णा हजारे लष्करांतील नोकरी सोडून १९७५ सालीं परत आले, व पुढें गांवकऱ्यांनीं श्रमदानानें नालाबांध, चर, पाझर तलाव व झाडें यांचें काम उभें केलें, हें सर्वविश्रुत आहे. पाऊस केव्हां यावा हें माणसाच्या हातीं नाहीं. पडलेलें पाणी ओढ्यानें वाहून जाऊं न देणें हातीं आहे.

परंतु आमच्या विषयाला त्याहूनही जवळची गोष्ट त्या गांवच्या धान्य बँकेची आहे. ज्याच्या घरीं धान्य अधिक पिकलें त्यानें त्यांतील कांहीं तेथें द्यावें. ज्याला कमी पडलें त्यानें न्यावें, आणि आपलें पीक आलें म्हणजे थोडें वाढवून परत करावें, अशी ही रीत. ह्या व्यवस्थेनें नेणाऱ्यास याचक मानिलें नाहीं; आज ताणांत असलेला, पण उद्यां फेडणारा गृहस्थ मानिलें. दारिद्र्य समजून अन्नछत्र घालतां आलें असतें. ओढगस्त ओळखली, म्हणून पेढी निघाली. शब्दाच्या अर्थाचा प्रत्यक्ष व्यवहाराशीं असा संबंध असतो.

'भाषा बदलतेच, त्यांत एवढें काय?' असें कोणी म्हणेल. 'दुष्काळग्रस्त' या शब्दाशीं आमचें वैर नाहीं. १९७२ च्या दुष्काळासारख्या प्रसंगीं सरकारला मदत पोंचविण्यासाठीं माणसें मोजावीं लागतात, आणि मोजण्यासाठीं असे शब्द लागतात. परंतु कथाकाराचें काम माणसें मोजण्याचें नव्हे. त्यानेंही खानेसुमारीचा शब्द उचलला, तर पात्राची धडपड वाचकाला दिसेनाशी होते, आणि केवळ कींव उरते.

मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ सालीं निघाला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत सात भागांनीं प्रसिद्ध झाला. अशा कोशकारांनीं लोकांच्या तोंडचे शब्द मोठ्या कष्टानें जमविले. ते पुढें चालविण्याचें काम लेखकांचें आहे. 'ओढगस्त' गेली, तर श्रीमंती आणि गरिबी यांच्यामधल्या असंख्य घरांची रोजची ओढाताण सांगण्यास एक नेमका शब्द कमी होईल. म्हणून तिला शुद्ध करण्याच्या भरीस न पडतां, घरांत बोलतात तशीच ती लिहावी, एवढीच आमची विनंति आहे.